गाडीतला रेडिओ नेमका बंद कोण करतं? एक वायर आणि तीन स्विच

जानेवारीतला सोमवार. पुण्यात संध्याकाळचे सहा वाजत आले होते आणि मी ऑफिसातून निघायच्या तयारीत होतो. तेवढ्यात न्यू जर्सीतल्या मावसभावाचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळचे साडेसात. स्क्रीनवर आधी बर्फ दिसला, मग त्याची २०११ ची सेकंडहँड सेडान आणि शेवटी टोपीतून डोकावणारा दादाचा वैतागलेला चेहरा.

"अरे, गाडी मेली. किल्ली फिरवली की नुसतं टक-टक-टक."

बॅटरी उतरली होती. शेजाऱ्याच्या गाडीवरून जंप स्टार्ट करून तो कामावर गेला, पण बॅटरी का उतरली हे कळत नव्हतं. मी विचारलं, "गेल्या दोन आठवड्यांत गाडीत काही नवीन बसवलंस का?" तो जरा थांबला. "सॅटेलाइट रेडिओ बसवला. पण तो तर चांगला चालतोय!"

सॉफ्टवेअरवाल्यांना हे वाक्य चांगलंच ओळखीचं आहे. 'कोडमध्ये काहीच बदललं नाही, फक्त एक छोटीशी गोष्ट टाकली.'

त्या छोट्याशा गोष्टीवर आमचे तीन कॉल झाले. पण खणता खणता वायरपलीकडचा एक प्रश्न समोर आला. गाडीतली एखादी वस्तू चालू-बंद करायचा स्विच नक्की कोणाच्या हातात असतो? अमेरिकेत यावर सध्या कोर्टकचेऱ्या चालू आहेत. आपल्याकडेही 'कनेक्टेड' गाड्या धडाधड विकल्या जात असल्यानं हा प्रश्न आपल्या पार्किंगपर्यंत आलेला आहे. म्हणून आज आधी वायर समजून घेऊ आणि मग त्या प्रश्नाकडे वळू.

सॅटेलाइट रेडिओ म्हणजे काय, थोडक्यात

एफएम स्टेशनचा टप्पा साधारण एका शहरापुरता असतो. सॅटेलाइट रेडिओचं प्रक्षेपण थेट उपग्रहावरून होतं, त्यामुळे एकच चॅनेल देशभर सलग ऐकता येतं. अमेरिकेत एक्सएमनं २००१ मध्ये आणि सिरियसनं २००२ मध्ये ही सेवा सुरू केली. २००८ मध्ये दोन्ही कंपन्या एक होऊन सिरियसएक्सएम झाली. आज तिचे ३ कोटींहून जास्त ग्राहक आहेत. सिग्नल २.३ गिगाहर्ट्झच्या आसपास येतो आणि उंच इमारतींच्या शहरांत जमिनीवरचे रिपीटर त्याला हातभार लावतात.

स्पॉटिफाय आणि पॉडकास्टच्या जमान्यात हे कशाला, असं मीही दादाला विचारलं. तो महिन्यातून दोनदा पेनसिल्व्हेनियातल्या डोंगराळ भागातून गाडी चालवत जातो. तिथे मोबाइलला रेंज नसते, पण आकाश मोकळं असतं. मराठी गाणी फोनमध्ये डाउनलोड केलेली असतात, पण ताज्या बातम्या आणि सामन्यांची कॉमेंट्री डाउनलोड करून ठेवता येत नाही. नव्या गाड्यांत हा रेडिओ कारखान्यातूनच बसवून येतो. जुन्या गाडीसाठी बाहेरून लावायचा छोटा रिसीव्हर मिळतो. दादानं असाच एक सेकंडहँड घेतला.

हा रिसीव्हर सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये अडॅप्टर खोचला की चालतो. पण मग फोनच्या चार्जरला जागा उरत नाही आणि डॅशबोर्डवर वायरचं जाळं लोंबत राहतं. म्हणून बरेच लोक तो थेट फ्यूज बॉक्समधून जोडतात. दादानंही तेच केलं, आणि तिथेच गडबड झाली.

स्विच्ड पॉवर म्हणजे काय?

घरातलं उदाहरण घेऊ. फ्रिजचा पॉइंट आपण रात्रंदिवस चालू ठेवतो. हॉलच्या दिव्याला स्विच असतो आणि बाहेर पडताना आपण तो बंद करतो. सोसायटीच्या जिन्यातल्या टायमरच्या दिव्याचं बटण दाबलं की तो काही मिनिटं जळतो आणि आपोआप विझतो.

गाडीतही असेच तीन प्रकार असतात.

पहिला कायमचा करंट, म्हणजे आपला फ्रिज. किल्ली खिशात असली तरी तो चालू असतो. घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉक यावर चालतात. दुसरा किल्लीसोबत येणारा-जाणारा करंट, तोच स्विच्ड. किल्ली 'ॲक्सेसरी' किंवा 'ऑन'वर नेली की तो सुरू होतो आणि काढली की बंद होतो. तिसरा जिन्यातल्या दिव्यासारखा. किल्ली काढली तरी काही मिनिटं किंवा दार उघडेपर्यंत तो चालू राहतो, म्हणूनच काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही काच वर करता येते.

रेडिओ दुसऱ्या प्रकारावर असायला हवा. दादानं तो पहिल्यावर जोडला होता. कारण काय, तर फ्यूजला मल्टिमीटर लावून त्यानं व्होल्टेज तपासलं तेव्हा इंजिन चालू होतं! आकडा बरोबर आला आणि स्वारी खूश. किल्ली काढून पुन्हा तपासलंच नाही. आमच्या भाषेत याला फक्त 'हॅपी पाथ' टेस्ट करणं म्हणतात. सगळं नीट असताना चालतंय ना, मग झालं!

पहिले दोन आठवडे तो उतरताना आठवणीनं रेडिओचं बटण दाबायचा. त्या गुरुवारी बर्फ पडत होता आणि हातात किराणाच्या पिशव्या होत्या. तो विसरला. स्विच्ड पॉवर असते ती नेमकी या विसराळूपणासाठी.

बॅटरी उतरली कशी? साधा हिशोब

दुसऱ्या कॉलवर मी त्याला मल्टिमीटर रेडिओच्या वायरमध्ये सिरीजमध्ये लावायला सांगितलं. आकडा आला ०.४ अँपिअर. ऐकायला अगदीच किरकोळ.

गुरुवारी संध्याकाळी सात ते सोमवारी सकाळी सात म्हणजे ८४ तास. ०.४ गुणिले ८४ म्हणजे ३३.६ अँपिअर-तास. त्यात गाडीचा स्वतःचा झोपेतला खर्च धरा. घड्याळ, अलार्म वगैरे मिळून साधारण ५० मिलिअँपिअर म्हणजे बरा मानतात. तो झाला ४.२. एकूण सुमारे ३८ अँपिअर-तास. बॅटरीवर लिहिलं होतं ५०. पण तो आकडा नव्या बॅटरीचा. ही काही वर्षं वापरलेली होती आणि कडाक्याच्या थंडीत लेड-ॲसिड बॅटरीची ताकद आणखी घटते. वर थंड इंजिनातलं ऑइल घट्ट झालेलं असल्यानं स्टार्टरला जास्त जोर लावावा लागतो. मिळकत कमी आणि मागणी जास्त झाल्यावर टक-टक-टकच ऐकू येणार!

पुण्यातल्या हवेत कदाचित गाडी सुरू झालीही असती. पण अशी बॅटरी दर वेळी पूर्ण उतरवली की तिचं आयुष्य भराभर कमी होतं. ही चूक तुमच्या गाडीत असेल, तर तिची किंमत तुम्हाला एका सकाळी कळण्याऐवजी वर्षभरात हळूहळू कळेल, एवढाच फरक.

नीट जोडणी कशी करायची?

खालच्या गोष्टी रेडिओलाच नाही, तर आपल्याकडे जास्त दिसणाऱ्या डॅशकॅमलाही लागू आहेत.

१. योग्य फ्यूज शोधा. किल्ली काढून, दार उघडून बंद करून, दहा-पंधरा मिनिटं थांबून मग मल्टिमीटर लावा. शून्य यायला हवं. किल्ली 'ॲक्सेसरी'वर नेली की १२ च्या आसपास यायला हवं. दोन्ही तपासण्या झाल्या तरच तो फ्यूज तुमचा.

२. एअरबॅग, एबीएस, स्टिअरिंग आणि इंजिन कंट्रोलच्या फ्यूजला हात लावू नका. वायपर, लायटर सॉकेट, मूळ म्युझिक सिस्टिम असे बिनजोखमीचे फ्यूज बघा.

३. वायर सोलून गुंडाळू नका. फ्यूज टॅप नावाचा छोटा तुकडा मिळतो. त्यात जुना फ्यूज आणि नवा फ्यूज दोन्ही बसतात. रेडिओसाठी २ किंवा ३ अँपिअरचा नवा फ्यूज पुरतो. टॅप उलटा बसला तर जुन्या फ्यूजवर दोन्ही उपकरणांचा भार येतो, म्हणून करंट कोणत्या पायाकडून येतो ते आधी मल्टिमीटरवर बघून घ्या.

४. अर्थिंग बॉडीच्या उघड्या धातूच्या बोल्टला द्या. रंग लावलेल्या जागेवर वॉशर नुसता टेकवला तर कधी चालेल, कधी नाही.

५. सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे अडॅप्टर काढून टाकणं. अनेक सॅटेलाइट रिसीव्हर ५ व्होल्टवर चालतात आणि लायटरच्या अडॅप्टरमध्ये १२ चे ५ करणारं सर्किट असतं. ते कापून सरळ १२ व्होल्ट दिले की रिसीव्हर जळतो. फ्यूज बॉक्समधून जोडायचं असेल तर त्याच व्होल्टेजचा हार्डवायर कन्व्हर्टर घ्या.

६. वायर पिलरच्या आतून नेताना पडद्याच्या एअरबॅगसमोरून जाऊ देऊ नका. ती नेहमी एअरबॅगच्या मागून न्यायची. याची खात्री नसेल तर हे काम इलेक्ट्रिशियनकडे द्या, त्यात कमीपणा नाही.

राहिला आवाज गाडीच्या स्पीकरपर्यंत नेण्याचा प्रश्न. ऑक्स पोर्ट असेल तर सरळ तोच वापरा. एफएमवरून आवाज पाठवायची सोयही अनेक रिसीव्हरमध्ये असते, पण त्या ट्रान्समीटरची ताकद कायद्यानं फार कमी ठेवावी लागते. २००६ मध्ये काही मॉडेल्स मर्यादेपेक्षा जास्त ताकदीनं प्रक्षेपण करतात असं अमेरिकेच्या एफसीसीला आढळलं होतं आणि कंपन्यांना ती सुधारावी लागली.

डॅशकॅमवाल्यांसाठी एक जादा गोष्ट. पार्किंगमध्येही रेकॉर्डिंग हवं असेल तर कायमचा आणि स्विच्ड असे दोन्ही करंट लागतात. अशा वेळी बॅटरीचं व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की कॅमेरा बंद करणारं हार्डवायर किटच घ्या. त्याशिवाय पार्किंग मोड चालू ठेवला, तर दादासारखाच एक सोमवार तुमच्याही वाट्याला येईल.

दादाचा रेडिओ शनिवारी वायपरच्या फ्यूजवर गेला. किल्ली काढली की रेडिओ बंद. झालं की काम! पण मग त्यानं सहज विचारलं, "म्हणजे आता याचा स्विच पूर्णपणे माझ्या हातात, बरोबर ना?"

नाही. एकच स्विच त्याच्या हातात होता.

दुसरा स्विच: वर्गणी

उपग्रहाचा सिग्नल सगळ्यांच्या गाडीवर सारखाच पडतो. तुम्ही पैसे भरलेत की नाही हे त्याला कळत नाही. म्हणून प्रक्षेपण कूटबद्ध असतं. तुमच्या रिसीव्हरला एक क्रमांक असतो आणि 'या क्रमांकाला परवानगी आहे' हा संदेशही उपग्रहावरूनच येतो. तो पकडण्यासाठी रेडिओ चालू आणि मोकळ्या आकाशाखाली असावा लागतो. रेडिओ खूप दिवस बंद राहिला तर कधीकधी हा संदेश पुन्हा मागवावा लागतो.

म्हणजे वस्तू तुमची, वायर तुमची, करंटही तुमच्या बॅटरीचा. पण ती बोलेल की नाही हे ठरवणारा स्विच कंपनीकडे. यात मूळात गैर काही नाही. सेवा विकत घेतली तर पैसे द्यावेच लागणार. खरा प्रश्न आहे तो स्विच तुम्हाला बंद करायचा असेल तर काय?

न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांनी डिसेंबर २०२३ मध्ये सिरियसएक्सएमवर याच मुद्द्यावर दावा लावला. सेवा घेणं सोपं, पण बंद करायची तर प्रतिनिधीशी फोनवर किंवा चॅटवर बोलल्याशिवाय सुटका नाही, आणि तो एकामागून एक ऑफर देत बसतो, अशी तक्रार होती. दाव्यातल्या आकड्यांनुसार २०१९ आणि २०२० मध्ये सेवा रद्द करायला फोनवर सरासरी साडेअकरा मिनिटं आणि ऑनलाइन ३० मिनिटं लागत होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयानं निकाल दिला की या पद्धतीनं ऑनलाइन वर्गणीबद्दलच्या केंद्रीय कायद्याचा भंग होतो. रद्द करायची सोपी वाट देणं कंपनीला बंधनकारक आहे.

त्याच सुमारास, ऑक्टोबर २०२४ मध्ये, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं देशभरासाठी 'जितक्या सहज घेता येतं तितक्याच सहज सोडता आलं पाहिजे' असा नियम मंजूर केला. तो पूर्णपणे लागू व्हायला काही दिवस उरले असताना, जुलै २०२५ मध्ये, अपील न्यायालयानं तो रद्द केला. कारण तांत्रिक होतं. नियम करताना आवश्यक आर्थिक विश्लेषण वेळेत मांडलं नाही. नियमाचा हेतू चुकीचा आहे असं न्यायालयानं म्हटलेलं नाही. पण ग्राहकाच्या हाती आलं ते इतकंच की स्विच सोपा हवा की नाही हे तुम्ही कोणत्या राज्यात राहता यावर बरंचसं ठरणार.

आपण हा स्विच पडताना पाहिलाय

भारतात सॅटेलाइट रेडिओ नव्हताच, असं तिशीच्या आतल्या अनेकांना वाटतं. पण घरातल्या मोठ्यांना 'वर्ल्डस्पेस' विचारा. ए. आर. रेहमान त्याच्या जाहिरातीत होते. खिडकीत छोटा अँटेना उपग्रहाच्या दिशेनं लावायचा, वर्षाची वर्गणी भरायची आणि जाहिरातींशिवाय गाणी ऐकायची. शास्त्रीय संगीताच्या रसिकांसाठी 'गंधर्व' होतं, जुन्या हिंदी गाण्यांसाठी 'फरिश्ता'. अमेरिकेतल्या मूळ कंपनीनं ऑक्टोबर २००८ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला आणि ३१ डिसेंबर २००९ ला भारतातली सेवा बंद झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्या रिसीव्हरवर वर्ल्डस्पेस लागेनासं झालं. वायर, अँटेना, करंट, सगळं ठीक होतं. फक्त दुसरा स्विच कायमचा पडला होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण आता आपण तिसऱ्या स्विचकडे येतोय आणि तो रेडिओपुरता नाही.

तिसरा स्विच: गाडीचं सॉफ्टवेअर

दादाची गाडी २०११ ची होती म्हणून मल्टिमीटर आणि फ्यूज टॅपवर काम भागलं. किल्ली एक स्विच फिरवते, त्यानं रिले चालतो आणि वायरमध्ये करंट येतो. साखळी डोळ्यांना दिसते.

नव्या गाड्यांत ही साखळी तुटत चालली आहे. बटण दाबलं की कंट्रोल युनिटला संदेश जातो आणि कुठल्या वायरमध्ये करंट सोडायचा ते प्रोग्रॅम ठरवतो. टेस्लाचं उदाहरण घ्या. तिच्या मॅन्युअलमध्ये पॉवर सॉकेटबद्दल लिहिलंय की गाडी 'जागी' असेल तेव्हा त्यात करंट असतो. गाडी जागी असण्याची कारणं बरीच आहेत. सेन्ट्री मोड चालू आहे, आधीपासून एसी लावलाय, मोबाइल ॲपनं काही विचारलंय. किल्ली आत की बाहेर हा प्रश्न तिथे गैरलागू आहे. मॉडेल ३ मध्ये नेहमीच्या फ्यूजऐवजी इलेक्ट्रॉनिक फ्यूज आहेत, म्हणजे फ्यूज टॅप लावायला खाचच नाही. आणि २०२३ च्या अखेरीस रस्त्यावर आलेल्या सायबरट्रकमध्ये तर १२ व्होल्टच्या जागी ४८ व्होल्टची यंत्रणा आहे. 'गाडी म्हणजे १२ व्होल्ट' हे कित्येक दशकांचं गृहीतकच तिथे चालत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. इंजिनिअर म्हणून मला हे बदल आवडतात. व्होल्टेज चौपट केलं की तेवढ्याच पॉवरसाठी करंट एक चतुर्थांश लागतो, म्हणून वायर बारीक आणि हलकी होते. इलेक्ट्रॉनिक फ्यूज शॉर्टसर्किट झटकन ओळखतो आणि पुन्हा सुरूही करता येतो. रेडिओ विसरून बॅटरी उतरण्याची दादासारखी वेळ अशी गाडी स्वतःच टाळू शकते.

पण जे सॉफ्टवेअर बॅटरी वाचवण्यासाठी करंट तोडू शकतं, तेच दुसऱ्या कारणासाठीही तोडू शकतं. २०२२ मध्ये बीएमडब्ल्यूनं काही देशांत गरम होणाऱ्या सीटसाठी मासिक वर्गणी ठेवली. सीट गाडीत, हीटर सीटमध्ये, वायर जोडलेली. फक्त पैसे भरले नाहीत तर सॉफ्टवेअर करंट सोडणार नाही. लोक भडकले आणि २०२३ मध्ये कंपनीनं हा प्रकार थांबवला. म्हणजे सॅटेलाइट रेडिओचा दुसरा स्विच आता सीटमध्ये जाऊ बघत होता. फरक मात्र मोठा आहे. रेडिओच्या वर्गणीमागे आकाशातला उपग्रह आणि कार्यक्रम बनवणारी माणसं आहेत, त्यांचा खर्च दर महिन्याला होतो. सीटमधल्या तारेचा कंपनीला दर महिन्याला काय खर्च?

दुसरा परिणाम शांतपणे होतोय. दादानं मूळ रेडिओला हात न लावता दुसऱ्या कंपनीचा रिसीव्हर जोडला. नव्या गाडीत म्युझिक सिस्टिम, एसीची बटणं, कॅमेरा, सेटिंग्ज सगळं एकाच स्क्रीनमध्ये असतं. ती काढून दुसरी बसवायची सोय राहिलेली नाही. जनरल मोटर्सनं तर २०२३ मध्ये जाहीर केलं की पुढच्या इलेक्ट्रिक गाड्यांत ॲपल कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो देणार नाही, स्वतःचीच प्रणाली देणार. तुमचा फोनसुद्धा गाडीला जोडायचा की नाही हे कंपनी ठरवणार.

कायदा कुठे आहे?

अमेरिकेत १९७५ पासून मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. तो ढोबळमानानं सांगतो की बाहेरची वस्तू बसवली एवढ्या कारणावरून कंपनी पूर्ण वॉरंटी रद्द करू शकत नाही. त्या वस्तूमुळेच बिघाड झाला, हे दाखवावं लागतं. दादानं फ्यूज चुकीचा निवडून बॅटरी खराब केली तर बॅटरीची वॉरंटी नाकारता येईल. पण त्यावरून गिअरबॉक्सची नाही.

मॅसॅच्युसेट्स राज्य आणखी पुढे गेलं. २०१२ मध्ये तिथल्या मतदारांनी गाडी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा मंजूर केला. २०२० मध्ये जवळपास ७५ टक्के मतांनी त्यात वायरलेसवरून जाणारा डेटाही आणला, म्हणजे गाडी कंपनीला जी माहिती पाठवते ती मालकाला आणि त्याच्या मेकॅनिकलाही मिळावी. गाडी उत्पादक लगेच कोर्टात गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय जिल्हा न्यायालयानं त्यांचं म्हणणं फेटाळलं. लोकांनी मत दिल्यापासून हा निकाल यायला चार वर्षांहून जास्त काळ लागला. तेवढ्या वेळात गाड्यांच्या सॉफ्टवेअरच्या किती आवृत्त्या आल्या असतील, मोजा.

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. त्यात वाहनं हे चारपैकी एक क्षेत्र आहे. कंपन्यांनी दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती तिथे द्यावी अशी कल्पना आहे. सुरुवात चांगली आहे, पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. मॅग्नसन-मॉससारखा स्वतंत्र वॉरंटी कायदा आपल्याकडे नाही. माझ्या स्वतःच्या गाडीला मी डॅशकॅम लावला तेव्हा सर्व्हिस सेंटरवाल्यानं छातीठोकपणे सांगितलं, "बाहेरून काहीही लावलंत की सगळी वॉरंटी गेली, सर." मी म्हटलं, हे वॉरंटी पुस्तिकेत कुठे लिहिलंय ते दाखवा. पुस्तिकेत इतकंच होतं की बाहेरच्या फिटिंगमुळे झालेलं नुकसान भरून मिळणार नाही. 'त्यामुळे झालेलं नुकसान' आणि 'सगळी वॉरंटी' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि बहुतेक गिऱ्हाईक तो न विचारताच मान डोलावतात.

मग आपण काय करायचं?

जुनी गाडी असेल तर वरची सहा कलमं पाळा. फ्यूज टॅप वापरून जोडलेली वस्तू मागमूस न ठेवता काढता येते. मूळ वायर कापली तर ती बाजू मांडणं अवघड जातं. जोडणी करताना दोन-चार फोटो काढून ठेवा.

नवी गाडी घेणार असाल तर शोरूममध्ये मायलेज आणि सनरूफनंतर हे तीन प्रश्नही विचारा. किल्ली बंद झाल्यावर सॉकेटमधला करंट कधी जातो? कनेक्टेड सेवा किती वर्षं फुकट आहेत आणि त्यानंतर पैसे नाही भरले तर नेमकं काय बंद पडतं? कंपनीनं सर्व्हरच बंद केला तर गाडीतलं काय चालू राहील? उत्तर लेखी मागा. सेल्समनला बहुधा माहीत नसेल, पण दहा जणांनी विचारलं की तो वर विचारेल. तक्रार करायची वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

माझं मत विचाराल तर सॉफ्टवेअरच्या स्विचला विरोध करण्यात अर्थ नाही. तो येणार आहे आणि बऱ्याच बाबतींत तो जुन्यापेक्षा चांगला आहे. मागायचं ते इतकंच. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर जसा छापील नकाशा असतो, कुठला फ्यूज कशाचा, तसाच नकाशा या नव्या स्विचचाही मालकाला मिळायला हवा. काय कधी बंद होतं, कोण करतं आणि मला ते परत चालू करता येतं का? दादाला चूक सापडली कारण साखळी दिसत होती. फ्यूज काढला, मल्टिमीटर लावला, उत्तर मिळालं. उद्याच्या गाडीत मल्टिमीटर लावायला जागाच नसेल, तर निदान विचारायला जागा असावी.

दादाची गाडी आता रोज सकाळी पहिल्या झटक्यात सुरू होते. रेडिओची फुकट चाचणीची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय. ठेवायचा की सोडायचा हे त्यानं अजून ठरवलेलं नाही. मी एवढंच म्हटलं, सोडायचा असेल तर फोन लावायच्या आधी चहा करून घे.